टोडी, ताडी आणि हरभऱ्याचे झाड

इंग्रजीत 'टोडी' असा एक शब्द आहे. त्याचा ताडीशी काही संबंध नाही, आणि सकाळी गायच्या तोडी रागाशी तर नाहीच नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण तिन्हींत माणूस मान डोलावतो हे खरे असले, तरी डोलावण्याची कारणे वेगळी आहेत. ताडी पिणारा नशेने डोलतो, तोडी ऐकणारा सुराने डोलतो आणि टोडी हा साहेबाने तोंड उघडायच्या आतच डोलू लागतो.

टोडी म्हणजे खुशामत्या. प्रत्येक कचेरीत असा निदान एक तरी असतोच. साहेबांचा नवा शर्ट ज्याला सगळ्यांच्या आधी दिसतो, साहेबांच्या मुलाला बावन्न टक्के पडले तरी 'पेपर फार कडक तपासले हो यंदा' असे जो म्हणतो, आणि साहेबांचा तोच विनोद सातव्यांदा ऐकताना जो पहिल्यांदा ऐकल्यासारखा हसतो, तो टोडी. (यातला शेवटचा गुण वाटतो तितका सोपा नाही. करून बघा.)

एके काळी हा शब्द आपल्याकडे भर रस्त्यावर आला होता. स्वातंत्र्याच्या चळवळीत सरकारधार्जिण्या मंडळींच्या नावाने 'टोडी बच्चा हाय हाय' अशा आरोळ्या उठत. मंटोच्या 'नया कानून' या प्रसिद्ध कथेतल्या मंगू टांगेवाल्याच्या तोंडीसुद्धा हा शब्द आहे. आणि तो अगदी योग्य माणसाला उद्देशून वापरला म्हणून मंगू स्वतःवरच खूश होतो. इंग्रजांना शिवी द्यायची ती त्यांच्याच दुकानातून आणून द्यायची, हा आपला स्वदेशीच्या काळातला एक मोठाच विनोद म्हटला पाहिजे.

पण शिवी घेताना आपण तिची पावती पाहिली नाही. ती पाहण्यासारखी आहे.

टोडी हे 'टोड-ईटर' या जुन्या शब्दाचे घासून घासून लहान झालेले रूप. टोड म्हणजे भेक, पावसाळ्यात दिव्याखाली किडे टिपायला येतो तो अंगावर फोड असलेला जाडा बेडूक. ईटर म्हणजे खाणारा. तेव्हा टोडी म्हणजे मूळचा बेडूकखाऊ. सतराव्या शतकात इंग्लंडातल्या जत्रांमधून गावठी वैद्य औषधे विकत हिंडत. आपल्याकडे बाजाराच्या दिवशी जडीबुटीवाला चादर पसरून बसतो, तोच धंदा. फक्त तिथला वैद्य बरोबर एक पोऱ्या बाळगी. भेक जहरी असतो असा तेव्हा लोकांचा पक्का समज, आणि तो अगदीच खोटा नाही. भेकाच्या डोळ्यांमागच्या गाठींतून खरोखरच विषारी चीक येतो, आणि भेकाला तोंड लावलेले कुत्रे तोंडाला फेस आणून बसते. तर हा पोऱ्या भर गर्दीत भेक गिळायचा, किंवा गिळल्यासारखे करायचा, मग जमिनीवर लोळायचा, डोळे फिरवायचा. आणि लोक 'गेला, गेला' म्हणेपर्यंत वैद्यबुवा त्याला आपले औषध पाजायचे. पोऱ्या टुणकन उठून उभा. बाटल्या खपाखप खपायच्या.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. त्यामुळे या धंद्याकडे माझे लक्ष जरा वेगळ्या बाजूने जाते. भांडवल वैद्याचे, नफा वैद्याचा, वाहवा वैद्याची आणि बेडूक पोऱ्याचा. श्रमविभागणीचे इतके स्वच्छ उदाहरण आम्हाला बी.कॉम.ला कुणी शिकवले नाही. टाचणीच्या कारखान्याचेच शिकवले.

पुढे अठराव्या शतकात हा शब्द जत्रेतून दिवाणखान्यात गेला. श्रीमंत बाईच्या घरी तिची सोबतीण म्हणून राहणाऱ्या गरीब नातलगणीला टोड-ईटर म्हणू लागले. बाईंचे कुत्रे फिरवायचे, बाईंचा राग सोसायचा, बाईंच्या हो ला हो म्हणायचे आणि वर दोन वेळ जेवायला मिळते म्हणून आभारी राहायचे. सॅरा फील्डिंग नावाच्या लेखिकेने १७४४ साली एक कादंबरी लिहिली. तिच्यातल्या एका पात्राला या शब्दाचा अर्थ कळत नाही, तेव्हा दुसरे पात्र त्याला जत्रेतल्या त्या पोऱ्याची गोष्ट सांगते. म्हणजे मुळात हा शब्द लबाडाचा नव्हे, पोटासाठी नको ते गिळणाऱ्या माणसाचा. लबाडीचा वास त्याला मागाहून लागला. शब्द दिवाणखान्यात फार दिवस राहिला की असे होते.

खोट्या स्तुतीच्या बाबतीत इंग्रजी भाषा तशी श्रीमंत आहे. 'सायकोफंट' हा शब्द त्यांनी ग्रीकांकडून घेतला. त्याची फोड करू गेले तर अर्थ निघतो 'अंजीर दाखवणारा'. अथेन्समध्ये तो चुगलखोराला लावत. अंजिराचा आणि चुगलीचा संबंध काय यावर विद्वान दोन हजार वर्षे भांडत आहेत. 'ब्लार्नी' हा शब्द आयर्लंडातल्या एका किल्ल्याचा. तिथल्या सरदाराने पहिल्या एलिझाबेथ राणीला गोड गोड पत्रे पाठवून वर्षानुवर्षे झुलवत ठेवले, अशी कथा आहे. आजही तिथे लोक जिभेवर गोडवा यावा म्हणून उताणे होऊन, डोके खाली लोंबकळत ठेवून एका दगडाचा मुका घेतात. आणि 'फ्लमरी' म्हणजे मूळची ओटची आंबट खीर. आपल्या आंबिलीचीच लांबची बहीण. पोकळ स्तुतीला तिचे नाव का पडले हे आजारपणात आंबिलीवर राहिलेल्या माणसाला सांगायला नको. पोट भरल्यासारखे वाटते, तासाभरात भूक हजर.

आपणही मागे नाही. खुशामत फारसीतून आली, खुशमस्कऱ्याही तिकडचाच. हुजरे हे राजाच्या हुजुरात असणारे, त्यांची हुजरेगिरी. मस्का इराण्याच्या पावावरून उतरून साहेबाला कधी लागला ते कळलेही नाही. संस्कृतात लांगूलचालन, म्हणजे शेपूट हलवणे. हा शब्द भर्तृहरीने नीतिशतकात कुत्र्याला लावला आणि त्याच श्लोकात हत्तीची ऐट सांगितली. मी पुष्कळ कचेऱ्या पाहिल्या. हत्ती अजून दिसायचा आहे.

पण या सगळ्यांत मला मानाचा वाटतो तो आपला हरभरा. 'हरभऱ्याच्या झाडावर चढवणे'. बाकीचे शब्द पाहा. बेडूक गिळणारा, शेपूट हलवणारा, मस्का लावणारा, हे सगळे खालून वर बघणारे. हरभऱ्याच्या झाडावर मात्र वरचा माणूस खालच्याला चढवतो. आणि झाड तरी केवढे? ज्याने वऱ्हाडातले शेत बघितले आहे त्याला ठाऊक आहे. फार तर गुडघ्याइतके; हरभरा तोडायला माणसाला चढावे नव्हे, बसावे लागते. एवढ्याशा झाडावर धडधाकट माणूस चढतो, वर बसल्यासारखा इकडेतिकडे बघतो, आणि खाली त्याचे शेत नावावर करून घेणे चालू असते. मराठी माणसाने हा शब्दप्रयोग केला त्या दिवशी तो नक्कीच कुठल्या तरी मोठ्या साहेबाला भेटून आलेला असला पाहिजे.

मला स्वतःला या झाडावर चढवले गेले ते सेमाडोहला पाठवण्यासाठी.

झाले असे. जनधन योजना २०१४ साली आली. त्यानंतरच्या एका पावसाळ्यात आमच्या बँकेने (नाव सांगत नाही; सगळ्या बँका सारख्याच) मेळघाटात खाती उघडण्याची शिबिरे घ्यायची ठरवली. मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून आधी चहा दिला. तिथेच मी सावध व्हायला हवे असे बायकोचे मत. मग साहेब म्हणाले, "अनुभवी, माणसांत मिसळणारा आणि मराठीवर अशी हुकमत असलेला दुसरा माणूस आपल्या शाखेत आहे का, तुम्हीच सांगा." मी नम्रपणे सांगितले नाही. घरी येऊन हे सगळे हावभावांसकट बायकोला ऐकवले. तिने पोळी उलथता उलथता एवढेच विचारले, "कुठं पाठवतायत?"

परतवाडा मागे पडले की घाट सुरू होतो आणि सागाच्या जंगलातून रस्ता सेमाडोहला उतरतो. गावाशेजारून सिपना नदी वाहते. कोरकू भाषेत सिपना म्हणजेच साग. देशातले पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प १९७३-७४ च्या सुमारास झाले, त्यांतला एक हा मेळघाटचा. लोक इथे वाघ दिसावा म्हणून पैसे मोजून येतात आणि वाघ दिसत नाही. आम्ही वाघ दिसू नये म्हणून रोज मारुतीला हात जोडत होतो. तोही दिसला नाही. बरोबर शाखेतले शिपाई होते. वयाने मोठे, म्हणून सगळे त्यांना मामा म्हणतात. दिवसभर अंगठे घ्यायचे, फोटो चिकटवायचे, आणि संध्याकाळी वीज गेली की खोलीच्या पायरीवर बसून पाऊस बघायचा.

शिबिराच्या शेवटच्या शनिवारी विभागाचे मोठे साहेब समारोपाला यायचे होते. त्यांना मानपत्र द्यावे असे ठरले आणि मराठीवरची माझी हुकमत लगेच कामाला लागली. कंदिलाच्या उजेडात मी 'सातपुड्यासारखे अढळ, सिपनेसारखे निर्मळ' इथपर्यंत आलो होतो. कंदिलाभोवती किडे, किड्यांमागे दोन जाडे भेक. ते बघून मला टोडीची गोष्ट आठवली आणि मी ती मामांना सांगितली.

"टोडी म्हंजे ताडी नाई का जी, भाऊ?" मामांनी विचारले.

"नाही."

"तेच म्हनलं. ताडी इकडं कायची भेटते? इकडं मोहाची." मग थोडा वेळ भेकांकडे बघून ते म्हणाले, "अन् आपल्या वऱ्हाडात कोनी टोडी होऊन गेला का?"

आता टोडी कुठे होत नाहीत? रावबहादुरी, रावसाहेबीसाठी झुरलेले लोक इथेही असतीलच. (रावबहादूर म्हणजे टोडी असे समजायची मात्र घाई नको. अमरावतीचे र. न. मुधोळकर रावबहादूरही होते आणि १९१२ च्या बांकीपूर काँग्रेसचे अध्यक्षही.) पण मी मामांना म्हणालो, वऱ्हाडाची खरी गोष्ट टोडीची नाही, हरभऱ्याची आहे. हे आख्खे वऱ्हाडच हरभऱ्याच्या झाडाखालून गेले.

वऱ्हाड निजामाचे. इंग्रजांनी निजामाच्या राज्यात एक फौज ठेवली होती, हैदराबाद कंटिन्जंट. फौज इंग्रजांच्या हुकमातली, पगार निजामाने द्यायचा. पगार थकला, कर्ज वाढले, आणि १८५३ साली डलहौसीच्या कारकिर्दीत त्या खर्चापोटी वऱ्हाड आणि आणखी काही मुलूख इंग्रजांनी आपल्या ताब्यात घेतला. आमच्या भाषेत ताबेगहाण. वऱ्हाडची जमीन काळी, कापूस भरघोस, आणि मँचेस्टरच्या गिरण्या भुकेल्या. १८५७ मध्ये निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिला म्हणून १८६० साली त्याला बक्षीस मिळाले: पन्नास लाखांचे कर्ज माफ, रायचूर दुआब आणि नळदुर्गाकडचा मुलूख परत. वऱ्हाड मात्र फौजेच्या खर्चासाठी राहू दिले. कर्ज माफ आणि तारण सावकाराकडे, असा व्यवहार मी तेवीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नाही. ऑडिटरने लेजर डोक्यात घातले असते.

निजामाचे दिवाण पहिले सालारजंग. मोठा हुशार माणूस, वऱ्हाड परत मिळावे हा त्याचा ध्यास. १८७६ साली तो थेट विलायतेला गेला. तिथे काय थाट झाला म्हणून सांगू! लंडन शहराने त्याला मानाचे नागरिकत्व दिले, ऑक्सफर्डने डॉक्टर केले, मेजवान्या झाल्या. वऱ्हाड तेवढे कुणी दिले नाही.

मग आला कर्झन. त्याने १९०२ मध्ये स्वतः हैदराबादला जाऊन सहावे निजाम महबूब अली खान यांना गाठले, आणि त्याच वर्षी करार झाला. वऱ्हाड इंग्रजांना कायमच्या पट्ट्याने. निजामाला वर्षाला पंचवीस लाख रुपये भाडे. आणि या मोठेपणाबद्दल निजामाला जी.सी.बी. ही पदवी. म्हणजे नाइट ग्रँड क्रॉस ऑफ द ऑर्डर ऑफ द बाथ.

"बाथ म्हंजे?" मामा.

"आंघोळ." खरेच तसे आहे. पूर्वी सरदारकी घेण्याआधी माणसाला विधिपूर्वक आंघोळ घालत, त्यावरून ते नाव.

"म्हंजे वऱ्हाडाच्या नावानं आंघोळच केली म्हना की."

इतिहासाच्या पुस्तकांत यापेक्षा चांगले वाक्य मला सापडलेले नाही. त्या काळच्या वात्रट लोकांनाही असेच एक सुचले होते. जी.सी.बी. या तीन अक्षरांचा त्यांनी लावलेला अर्थ असा: 'गेव्ह कर्झन बेरार'. कर्झनला वऱ्हाड दिले.

मी कागद उलटून मानपत्राच्या पाठीमागे हिशेब केला. १९०१ च्या शिरगणतीत वऱ्हाडची लोकसंख्या साडेसत्तावीस लाखांच्या थोडी वर. भाडे पंचवीस लाख. म्हणजे माणशी वर्षाला साडेचौदा आणे. क्षेत्रफळ सुमारे सतरा हजार सातशे चौरस मैल, म्हणजे एकराला साडेतीन आणे. त्यात खामगाव-अमरावतीच्या कापसाचे शेत आले आणि आम्ही बसलो होतो ती पायरीही आली, कारण मेळघाट हा त्या वऱ्हाडाचाच भाग. भाडेवाढीचे कलम नाही. मुदत कायमची. अशी जागा आमच्या बँकेला शाखेसाठी मिळाली असती तर चेअरमनने पेढे वाटले असते.

"अन् इथल्या मानसाईले इचारलं होतं का कोनी?" मामांनी विचारले. खोलीचा राखणदार कोरकू होता, तो बाजूला बसून ऐकत होता. तो हसला. काही बोलला नाही. त्याच दिवशी त्याचे खाते आम्ही उघडले होते, शून्य रकमेचे.

गोष्ट तिथे संपत नाही. १९१८ मध्ये पहिल्या महायुद्धातल्या मदतीबद्दल सातव्या निजामाला 'हिज एक्झॉल्टेड हायनेस' केले आणि 'ब्रिटिश सरकारचे विश्वासू दोस्त' असेही म्हणवून घेण्याची मुभा दिली. त्याला ते खरे वाटले. १९२३ साली त्याने लिहून कळवले की आपण दोस्त, तर वऱ्हाड परत द्या. १९२६ मध्ये लॉर्ड रीडिंगने जे उत्तर पाठवले त्याचा सारांश, दोस्त म्हटले म्हणून बरोबरीचे समजू नका. दोस्ती पत्राच्या मायन्यात, हिशेब मजकुरात. आम्हा बँकवाल्यांची पत्रेही अशीच असतात. 'आपले विश्वासू' अशी सही करून आम्ही जप्तीची नोटीस धाडतो.

आणि १९३६ चा प्रकार तर मला सर्वात आवडतो. त्या वर्षी पुन्हा करार झाला. वऱ्हाडावर सार्वभौम हक्क निजामाचा हे इंग्रजांनी मान्य केले. कारभार? तो होता तिथेच, मध्य प्रांताबरोबर, नागपुरातून. मग निजामाला मिळाले काय? तर त्याच्या थोरल्या मुलाला 'प्रिन्स ऑफ बेरार', वऱ्हाडचा युवराज, असा किताब. अकोल्यात तलाठीसुद्धा नेमता येत नसे अशा वऱ्हाडचा युवराज! जत्रेतल्या पोऱ्याला निदान बेडूक तरी खरा मिळत असे.

मामांनी हे सगळे ऐकून घेतले, विडी विझवली आणि विचारले, "भाऊ, ते मानपत्र झालं का जी तुमचं?"

झाले. शनिवारी समारोप झाला. मोठे साहेब आले, पावसामुळे गुडघ्यापर्यंत चिखल, पण चेहरा प्रसन्न. मी मानपत्र वाचले. 'सातपुड्यासारखे अढळ' येताच त्यांनी खाली पाहिले, 'सिपनेसारखे निर्मळ' ला चष्मा पुसला. टाळ्या झाल्या. मग ते उत्तराला उभे राहिले आणि मानपत्राबद्दल एक शब्दही न बोलता आमच्यावरच सुरू झाले. इतक्या पावसात, रेंज नसताना, वीज नसताना या लोकांनी जे काम केले त्याला तोड नाही. अशी माणसे बँकेची खरी ठेव. विशेषतः मानपत्र लिहिणारे हे गृहस्थ, इथल्या मातीशी किती एकरूप झाले आहेत हे त्यांच्या शब्दाशब्दांतून दिसते. मला शाल दिली. शाल चांगली होती. मग साहेब थोडे थांबले, पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाले की अशा माणसांना इतक्यात परत बोलावणे हा मेळघाटावर अन्याय होईल, म्हणून शिबिर आणखी एक महिना वाढवीत असल्याचे जाहीर करताना त्यांना अत्यंत आनंद होत आहे.

सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या. मामा मागे उभे होते. ते पुढे वाकून माझ्या कानाशी लागले.

"भाऊ, गेलं आपलं वऱ्हाड."